पाणथळीत बसवलेली मेंढरं

आबा, मी आता माशांसाठी गवत लावते आणि त्या गवतावर लक्ष ठेवायचा पगार घेते, हे तुमच्या हयातीत तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही पोट धरून हसला असता. मेंढपाळाची लेक आणि गवताची राखणदार! जेऊरजवळचा धरणाचा फुगवटा तुम्हाला ठाऊक आहेच, उन्हाळ्यात तुम्ही तिथेच मेंढरं पाण्यावर न्यायचात. समुद्राला रोज भरती-ओहोटी असते म्हणे. आमच्या पाण्याला ती वर्षातून एकदाच. उन्हाळ्यात पाणी मागे सरतं, गाळ उघडा पडतो, पावसाळ्यात ते पुन्हा चढतं. त्या काठाला पूर्वी दाट पाणगवत होतं आणि पाणी चढलं की मरळ त्यात अंडी घालायची. गवत गेलं तशी मरळही गेली, आता जाळ्यात बघावं तर नुसती चिलापी. म्हणून आमची संस्था गाळावर लव्हाळा लावते. किती रोपं जगली, पाणी कसं आहे, पिल्लं कोणती दिसतात, हे बघणं माझं काम. आधीची लावणी दोनदा वाया गेली होती. यंदा मात्र रोपांनी मूळ धरलं, आणि मी पहिल्यांदाच कॉलर ताठ करून फिरत होते.

वैशाखातली एक सकाळ. मी काठावर पोचते तर माझ्या लव्हाळ्याच्या जागी मेंढरंच मेंढरं. भोवती जाळीची वाघर लावलेली, आणि मधोमध आपला दादा, नवा पटका बांधून, लग्नातल्या यजमानासारखा उभा. रोपं बुडख्यापर्यंत खाल्लेली, उरलेली तुडवलेली. मला पाहताच तो म्हणाला, "बग की! दिवाळीत मी मेंढरं घिऊन लांब हुतो, तुजी ओवाळणी राह्यली हुती. म्हटलं, भनीचं वावर हितं हाय, जाता जाता रातभर बसवू. लई अशक्त हुतं गं तुजं गवत. आता बग कसं उसळतंय."

तुम्ही आत्याच्या शेतात दर साली अशीच मेंढरं बसवायचात. लोकांच्या रानात बसवली तर धान्य घ्यायचात, आत्याकडे मात्र ती भाऊबीज. लेंड्यांनी जमीन तयार व्हायची आणि आत्या वर्षभर गावाला सांगत फिरायची. माझ्या लग्नात तुम्ही म्हणाला होता, "बिनशेतीच्या घरात लेक दिली, आता मेंढरं काय हिच्या पत्र्यावर बसवू?" सगळे हसले, तुम्ही हसला नाहीत. ते मला फार लागलं होतं. त्यामुळे खरं सांगते, त्या सकाळी आधी मला राग आलाच नाही. त्या वासात उभी राहून मला वाटलं, माझ्याही जमिनीत माहेरची मेंढरं बसली. मग खाली पाहिलं. शेतात ज्या लेंड्या सोनं, त्याच इथे पाणी चढल्यावर शेवाळ माजवणार, पाणी नासवणार. गवत तर गेलंच होतं. आणि मी दादाला काय म्हणाले? "झ्याक केलंस." घरी नेऊन ओवाळलंसुद्धा.

त्यानंतर मी अडकले ती अडकलेच. मासेमारांना तर आता सगळेच मेंढपाळ डोळ्यांसमोर नको आहेत. काठावर मासळी विकणारी म्हातारी रोज विचारायची, "ताई, औंदा मरळ घावंल न्हवं?" ती आता माझ्याकडे बघतही नाही. आमचे साहेब माणूस चांगला आहे, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं: ज्याची मेंढरं होती त्याचं नाव कळलं तर त्या एकालाच समज देऊ, नाहीतर उद्याच्या बैठकीत सगळ्यांचीच पाण्यावरची वाट बंद होईल. आपल्या माणसांना ऐन उन्हाळ्यात दुसरं पाणी कुठे आहे, आबा? गप्प बसले तर पन्नास घरांची वाट जाते. नाव घेतलं तर चारचौघांत दादाला कळतं की त्याने बहिणीला दिलेली ओवाळणी तिच्याच मुळावर आली. इकडे आड, तिकडे विहीर.

एकदा आपली मेंढरं कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली होती. कुणी पाहिलं नव्हतं. तरी तुम्ही पटका काढून हातात घेतला आणि मालकाच्या दारात जाऊन उभे राहिलात. पण ती चूक होती, आबा. ही भेट आहे. भेटीसाठी कुणाच्या दारात उभं राहायचं, ते तुम्ही शिकवलं नाहीत, आणि त्याचा मला आज तुमच्यावर राग येतोय.

उद्या मी नाव सांगणार आहे, ते ठरलंय. त्याआधी दादाला सांगायला हवं. बैठकीला, ती कशासाठी ते न सांगता, सगळ्या मेंढपाळांना बोलावलंय, म्हणून तो आज दुपारीच आलाय. बहीण बैठकीत बोलणार म्हणून छाती फुगवून उंबऱ्यावर बसलाय, शेजाऱ्यांना खताची गोष्ट सांगतोय. तीनदा चहा नेऊन दिला. तीनदा कप घेऊन आत आले.

हे पत्र तुम्हाला नव्हतंच, आबा. पहिल्या कागदावर मी 'दादा' लिहिलं होतं. मग लक्षात आलं, त्याला वाचता कुठे येतं, मलाच समोर बसून वाचून दाखवावं लागेल. तो कागद फाडला.

आत्ता त्याने बाहेरून हाक मारली, "कुणाला लिवतीस गं एवढं?"

मी म्हणाले, "आबांना."

तो हसला. "येडी! मग माजं बी लिव की. म्हणावं, भनीच्या वावरात मेंढरं बसवली. आबाला लई बरं वाटंल."

लिहिलं, आबा. त्याला अजून काहीच सांगितलेलं नाही.