पडद्यामागून पाहिलेला डोंगर

किन्हीराजा,
दि. १४ डिसेंबर २०२५

प्रिय मित्र मुनाफ,
सप्रेम नमस्कार.

येथे सर्व कुशल आहे. तूर शेंगांवर आली आहे. थंडी बेताची आहे. सुगराबी वहिनींच्या गुडघेदुखीस उतार पडला असेल, अशी आशा करतो. ईदचा शिरखुर्मा दरवर्षीप्रमाणे जीपवाल्याच्या हाती पोहोचला होता. त्याची पोच मी नऊ वर्षांत एकदाही दिली नाही. ती आज देतो.

हे सारे फोनवर सांगता आले असते. परंतु फोनवर तू "राहू दे बे" म्हणशील आणि मी राहू देईन. म्हणून पत्र.

गेल्या आठवड्यात माझी नात निकिता हिने बर्फाच्या डोंगराचा तो इंग्रजी चित्रपट मोबाइलवर शोधून काढला. शेलूबाजारला टुरिंग टॉकीजच्या तंबूत, वयाच्या नवव्या वर्षी आपण पाहिलेला. तोच दोर, तीच कुऱ्हाड, दाढीत बर्फ अडकलेला तोच गिर्यारोहक. दुसऱ्या दिवशी शाळेत तू विचारले होतेस, "एवढा कापूस फुटला, मंग येचायले बाया काहून नाहीत?" त्या एका चित्रपटाने आपल्याला पन्नासहून अधिक वर्षे रानोमाळ हिंडवले. सायकलींवरून नर्मदा गाठली, पायी सातपुडा पालथा घातला. मी शाळेची एक सुटी घरी काढली नाही आणि तू दुकानाच्या गिऱ्हाइकांची पर्वा केली नाहीस.

वाद मात्र एकच टिकला. गिर्यारोहक कुऱ्हाड डाव्या हाताने चालवतो, हा माझा दावा. उजव्या हाताने, हा तुझा. तुझ्या अजहरच्या लग्नात पन्नास माणसांदेखत मी म्हणालो होतो की, ज्याला स्वतःच्या पत्रातील ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, त्याने डावे-उजवे सांगू नये. लोक हसले. तूही हसलास.

मुनाफ, तो उजव्या हाताने चालवतो.

मोबाइलवर चित्र उलटे दिसत असेल का, असे मी निकिताला विचारले. ती म्हणाली, "आबा, हे सरळच आहे. तुमी कुठं बसून पाह्यला होता?" तेव्हा आठवले. तू वडिलांबरोबर पडद्यासमोर होतास. मी आईला चिकटून पडद्यामागे, बायकांच्या बाजूला बसलो होतो. तिकडून सारेच उलटे दिसे. अक्षरेही उलटी असणार. पण मला तेव्हा इंग्रजी येत नव्हते, तर ते ओळखणार कसे?

एवढेच लिहून पत्र संपवावे, असे दोन दिवस वाटत होते. ही चूक कबूल करणे सोपे आहे. ती अजाणता घडली.

दुसरी मी जाणूनबुजून केली. नऊ वर्षांपूर्वी चिखलदऱ्याखालच्या वाटफाट्यावर तू म्हणाला होतास, "मास्तर, इकडून नको. दगड सुटे दिसून राह्यले." मी न ऐकता पुढे झालो, तू माझ्यामागून आलास, आणि पडलास तू. अकोल्याच्या दवाखान्यात अजहरने विचारले, "चाचा, तिकडून कोनं नेलं?" तुझ्या खाटेकडे न पाहता मी म्हणालो, "तुझ्या अब्बांनीच हट्ट धरला." तू जागा होतास. तू मला खोटे पाडले नाहीस.

त्यानंतर अजहरने तुझी सायकल विकली. अब्बाले आता समज राह्यली नाही, असे म्हणून तो तुला एकट्याला फाटकाबाहेर जाऊ देत नाही, हे साऱ्या बाजाराला ठाऊक आहे. पाय तर सहा महिन्यांत बरा झाला होता. तुला घरात बसवले ते माझ्या वाक्याने.

खरे काय घडले, ते अजहरला चार ओळींत लिहिले आहे. ती चिठ्ठी या पाकिटात घालणार होतो; पण तू ती वाचून फाडली असतीस. म्हणून ती कालच स्पीड पोस्टने त्याच्या नावे दुकानाच्या पत्त्यावर धाडली. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा त्याने ती वाचलेली असेल. यापुढे तो मला चाचा म्हणणार नाही. ते योग्यच आहे.

येत्या रविवारी सकाळच्या एसटीने मी शेलूबाजारला येत आहे. तुझ्या फाटकाशी उभा राहीन. आत बोलावलेस तर येईन. तू बाहेर निघालास, तर कोठे जायचे ते तू ठरव.

नऊ वर्षे खोटे बोललेला,
तुझा रामकिसन