हजेरीतलं तेविसावं नाव

विक्रोळी (पूर्व),
दि. १६ ऑक्टोबर १९८६

प्रिय जयवंत,

सप्रेम सलाम. प्रभूच्या कृपेने मी बरी आहे, तुम्हीही सगळे तसेच असाल. सुलक्षणाची कंबर आता कशी आहे? तिला म्हणावं, पाण्याचे हंडे पोरांना उचलायला लाव, जेवायला बरे वेळेवर बसतात. आमची सहामाही परवा संपली. माझ्या चौथीच्या वर्गात एकसष्ट मुलं आहेत, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत घरात मी आणि उत्तरपत्रिका.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्यात पप्पांच्या कबरीवरच्या दगडाचा मजकूर होता आणि "आक्का, तुझं शुद्धलेखन पक्कं, एकदा नजर घाल" असं लिहिलं होतंस. दुसऱ्यात नुसतं, "अजून पाठवलं कसं नाहीस? पाथरवट खोळंबलाय." रागावू नकोस. नजर मी त्याच दिवशी घातली होती. 'स्मृतिप्रीत्यर्थ' मधला 'ति' ऱ्हस्व हवा, तू दीर्घ काढलास. दगडावरची चूक खोडता येत नाही, म्हणून विचारलंस ते बरं केलंस.

मग तीन आठवडे का लागले, ते सांगते. पण आधी मंडळातली गंमत ऐक.

दर बुधवारी आमचं महिला मंडळ भरतं आणि हजेरी मी घेते. चौदा वर्षं झाली. नाव घेतलं की प्रत्येकीने 'हजर' न म्हणता बायबलातलं एक वचन म्हणायचं, ही पद्धत तुला आईच्या वेळेपासून ठाऊक आहे. बावीस जणी आहेत. शकुमावशींना वाचता येत नाही. त्या वर्षानुवर्षं शास्त्रातलं सगळ्यांत लहान, दोन शब्दांचं वचन म्हणतात आणि मोठी परीक्षा पास झाल्यासारख्या खाली बसतात.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात मी हजेरी संपवून वही मिटली, तर शकुमावशी म्हणाल्या, "बाई, समद्यांची नावं घेती. तुझं कोन घेतं गं?"

मी म्हटलं, "मावशी, मी घेणारी. माझं कशाला हवं?"

"का? तू यीत न्हाईस व्हय?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन वही उघडली. चौदा वर्षांत माझं नाव एकदाही नाही. मला कुणी वगळलं नव्हतं रे. वहीतलं अक्षर माझंच होतं.

शेजारी तुझा कागद पडला होता. 'चिरंजीव जयवंत, सून सौ. सुलक्षणा, नातवंडे आणि समस्त पाटोळे परिवार.' समस्त परिवारात मी आलेच, असं तू म्हणशील. मुद्दाम केलं नाहीस, हेही मला कळतं. आक्का काय, घरचीच. तिचं नाव कशाला लिहायचं? मंडळाच्या वहीत मीही अगदी हाच हिशेब केला होता, म्हणून तुझ्यावर नीट रागावताही येईना.

आता एक गोष्ट लिहिते, जी तुला कधी सांगितली नाही. अर्धांगाच्या दुखण्यात पप्पा सात वर्षं माझ्याकडे होते. शेवटची दोन वर्षं त्यांना माणसं नीट ओळखू येत नव्हती. ते मला 'जयवंत' म्हणून हाक मारायचे. भरवताना, कूस बदलताना, "जयवंता, पाणी दे." सुरुवातीला मी म्हणायची, "पप्पा, मी रत्ना." मग सोडून दिलं आणि तुझ्या नावाला ओ देऊ लागले. फार लागलं मला ते. रोजच्या प्रार्थनेतसुद्धा तुम्हा सगळ्यांची नावं घेऊन मी उठायची. स्वतःचं नाव देवापुढे काढायची लाज वाटायची.

शकुमावशींनी विचारल्यावर दोन बुधवार धीर झाला नाही. काल मात्र घरूनच वहीत माझं नाव लिहून गेले. बाविसावं नाव झालं आणि मी मोठ्याने म्हटलं, "रत्नप्रभा सीताराम पाटोळे."

म्हणायचं वचन मी आठवडाभर घोकलं होतं, मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानं हाक मारतो ते. पण जयवंत, ऐन वेळी सगळं विसरले. उभी राहिले आणि वर्गातल्या पोरीसारखी म्हणाले, "हजर!"

कुणीतरी खुदकन हसलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात शकुमावशी कडाडल्या, "हसता काय? ल्हानग्या शमुवेलाला देवानं हाक मारली तवा त्यानं काय येगळं सांगितलं व्हतं? हितं हाय म्हनला. ह्येबी वचनच हाय. लिव्ह गं बाई!"

मी नावापुढे 'हजर' लिहिलं. अक्षर चांगलं आलं. मग बसून रडले आणि त्याची लाज वाटली नाही. मला वाटायचं, देवाला मी दिसतच नसेन. तो इतकी वर्षं माझं नाव घेत होता आणि मी ते दुसऱ्या कुणाचं समजून पुढचं नाव वाचत होते. पप्पांनी हाक तुला मारली असेल, पण पाणी पाजायला देवाने मला नेमलं होतं. त्या सात वर्षांचा मला आज अभिमान वाटतो. फार वाटतो.

तेव्हा दुरुस्त्या दोन आहेत. 'ति' ऱ्हस्व. आणि तुझ्या नावाच्या वर, कारण मी मोठी, 'कन्या रत्नप्रभा' अशी ओळ. विनंती नव्हे, शुद्धलेखनच आहे. मजकूर त्याशिवाय चुकीचा ठरतो. पाथरवटाला 'त्न' नीट जोडायला सांग, पुष्कळ जण तिथेच चुकतात.

पप्पांच्या वर्षाला मी येतेय. या वेळी चुलीपुढे नाही, पुढच्या बाकावर बसेन. कबरीपाशी प्रार्थना मी करणार आहे, पाळकसाहेबांना कळवून ठेव. सुलक्षणाला सलाम, मुलांना पापा.

तुझी मोठी बहीण,
रत्नप्रभा सीताराम पाटोळे.
हजर.