गरम भाकरीचे तीन वाटे

सिडको, एन-सात
श्रावण वद्य तृतीया

प्रिय आशा,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. अक्षर तुझं आहे, मजकूर सारजाबाईंचा. शाळेत असताना तुझे निबंध मीच तपासायची, मला कळतं. ‘सदरहू बाईस सणाचे तीन दिवस लॉजवर ठेवावे’ असं तू जन्मात लिहिणार नाहीस. तुझ्या सासूबाईंच्या दोन्ही अटी मी नीट वाचल्या. महालक्ष्म्यांच्या दिवसांत ती जर्मन बाई आपल्या घरात दिसायची नाही, आणि मी पूर्वीसारखं सगळ्यांच्या मागून, आत बसून जेवायचं. हे कबूल असेल तरच तुला बाळंतपणाला माहेरी धाडतील. तर माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, दोन्हींना. का, ते लिहिते. हे पत्र लपवू नकोस, मोठ्यानं वाचून दाखव. आवाज फुटला नाही तर काकासाहेबांच्या हातात दे. तुझे सासरे शांत माणूस आहेत, अर्ध्यात फाडणार नाहीत.

इंगेबाई आपल्याकडं कशी आली, हे तुझ्या सासरी पाचोडला कुणी सरळ सांगितलेलं दिसत नाही. वाळूजच्या कंपनीत ती वर्षभरासाठी यंत्रं बसवायला आली. हॉटेलातलं खाऊन महिन्यात दोनदा सलाईन लागलं. तेव्हा शेजारच्या रामकिसननं, तो त्याच कंपनीत स्टोअरला आहे, विचारलं, “काकू, वरची खोली रिकामीच आहे, दोन वक्ताचं घरचं जेवण देता का बाईला?” तुझ्या तात्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी देवघराकडं पाहिलं. अंडं-मटण या घरात शिजणार नाही, एवढंच सांगितलं. ती ‘ओके’ म्हणाली आणि पाळतेसुद्धा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे, गुडघे धरलेले, तरी पाटावर बसायला शिकली. भिंतीला धरून खाली बसताना ‘ओ गॉट’ म्हणते. गॉट म्हणजे त्यांच्यात देव. तात्या मला हळूच म्हणाले, “तुझ्यापरीस जास्त नामस्मरण होतंय हिचं.”

चूक झाली ती माझी. गोऱ्या माणसाला तिखट सोसत नाही, त्यात पोट बिघडलेलं, म्हणून मी तिला आजाऱ्याचं जेवण सुरू केलं. मऊ भात, मुगाचं फिकं वरण, उकडलेला बटाटा, ताक. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. ती मुकाट्यानं खायची, ‘थँक यू’ म्हणायची. बिचारीला वाटलं, या देशात घरोघरी हेच खातात. पंधरा दिवसांनी कंपनीतली लाइट गेली आणि ती अवेळी, अडीचला घरी आली. मी स्वयंपाकघरात दाराआड बसले होते. पुढ्यात सकाळची भाकर, तव्याला चिकटलेला ठेचा, वर कच्चं तेल, फोडलेला कांदा. तिनं वास घेतला आणि तिचा चेहरा लालभडक झाला. माझं मॅट्रिकचं इंग्रजी, तिचंही तसलंच, पण राग समजायला भाषा लागत नाही. मला दवाखान्याचं खाऊ घालता आणि चांगलंचुंगलं दडवून स्वतः खाता, असं तिचं म्हणणं! आशा, हसावं का रडावं मला कळेना. तीस वर्षं उरलंसुरलं खाल्लं, आणि त्यावर चोरीचा आळ आला. ती गुडघे मोडत खाली बसली, ठेच्याला बोट लावलं, डोळ्यांतून धारा, उचकी लागली, तरी थांबली नाही. माझ्या दोन्ही भाकरी तिनंच संपवल्या.

दुसऱ्या दिवशी मी तिला समजावलं की बाई, ते शिळं होतं, मी मागून जेवते. तिनं विचारलं, का? मी म्हणाले, रीत. ती म्हणाली, तिच्याकडं रांधणारी बसल्याशिवाय कुणी चमचा उचलत नाही. आणि तिनं खरंच उचलला नाही. पुढं ताट, हात मांडीवर. तात्यांची पंचाईत, पाहुणी जेवत नाही तर यजमानानं घास कसा घ्यायचा? दोन दिवस आमटी गार झाली आणि ती केळं घेऊन वर गेली. मीही हट्टाला पेटले होते, माझ्या घरात ही कोण मला शिकवणार? तिसऱ्या दिवशी तात्या ताडकन उठले. मला वाटलं, चिडून चालले बाहेर. तर फडताळातून आणखी एक ताट काढून माझ्यापुढं ठेवलं नि म्हणाले, “बस गं माय एकदाची, भुकेनं जीव चालला माझा.”

बसले खरी, पण भाकरीचं काय? ज्वारीची भाकर विस्तवावरून थेट ताटात आली तरच तात्यांना गोड लागते, आणि जेवत्या खरकट्या हातानं मी पिठाला शिवणार नाही, प्राण गेला तरी. मग असं केलं. भाकरी आधीच थापून, तव्यावर भाजून फडक्यात ठेवते. शेगडी पंगतीच्या शेजारी. एकेक भाकर ऐन वेळी निखाऱ्यावर फुगवायची आणि तिचे तीन वाटे करायचे. चिमटा तात्यांच्या डाव्या हातात. पहिल्या आठवड्यात त्यांनी चार भाकरी जाळल्या, त्या शेजारच्या गाईला गेल्या. आता मात्र शाहगंजातल्या भटारखान्यातल्या आचाऱ्यासारखा हात बसलाय त्यांचा. फुगलेल्या भाकरीतून वाफ निघते ना, ती जेवताना माझ्या तोंडावर पहिल्यांदा आली तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते.

सारजाबाई म्हणतात, ती नवरा सोडलेली, अंडी खाणारी, तिच्या पंगतीला बसलं तर देवी कोपेल. अंडं ती रविवारी बाहेर खाते, मग आंघोळ करून घरात येते. नवऱ्याचं तिचं ती जाणे, मी विचारलं नाही. तिला सवाष्ण म्हणून बसवणार नाही, पाहुणी म्हणून बसवणार. राहिली देवी. तीस वर्षं महालक्ष्म्या मांडतेय मी, सोळा भाज्या, पुरण, आंबील, कशात कमी केलं नाही. त्या दोघी बहिणी माहेरी येतात म्हणून आपण त्यांना पहिलं पान वाढतो. त्यांना कुणी सांगतं का, की बायांनो, पुरुषमंडळी उठली की मग खरवडून खा? मातीच्या मुखवट्याला गरम पुरणपोळी आणि हाडामांसाच्या लेकीला खरवड, देवी कोपलीच तर याच्यावर कोपेल.

आता जे लिहायला बसले ते. नागपंचमीला मी पाचोडला आले होते. साडेतीन वाजले होते. सहावा संपत आलेला, तू पातेलं पुढ्यात घेऊन करपलेला भात खरवडत होतीस. मी दारातून पाहिलं आणि मागं फिरले, ओसरीवर जाऊन सारजाबाईंशी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या. घरी मी गरम भाकर खात होते, आणि तुझ्यासाठी माझ्या तोंडून शब्द निघाला नाही, कारण तसं बसायला तुला मीच शिकवलं होतं. लग्नात पाठवणी करताना कानात सांगितलं होतं, सगळे जेवले की मग जेव, नाव काढशील. ते मी आज परत घेते. तुझ्या पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं, कुणाला दिसू नये इतकं बारीक लिहिलंयस, ‘डॉक्टरीणबाई म्हणाल्या रक्त फार कमी आहे, तू काळजी करू नको.’ करणार. आणि बारीक अक्षरात करणार नाही. धाडतील का नाही, हे मी विचारत नाही. शुक्रवारी सकाळच्या एसटीनं मी आणि तात्या येतोय. दोन लुगडी आणि दवाखान्याचे कागद पिशवीत भरून ठेव, बाकी काही घेऊ नकोस. सारजाबाई बोलतील, बोलू देत, मी ऐकून घेईन. दारात आडव्या आल्या तर ओसरीवर बसेन. परतीची शेवटची गाडी साडेपाचला आहे, आणि तिच्यात तू माझ्या शेजारी बसलेली असशील.

तुला न्यायला निघालेली,
तुझीच
आई