आधीच्या बाळाचा डोस

तीर्थरूप ताई,

वाकून नमस्कार केला असं समज. कंबर धरली आहे. तुझा खोकला आणि भावजींचा रुसवा, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. तुझी ठमी माझ्याकडे सुखरूप आहे. (हे आधीच लिहिते, नाहीतर तू सरळ शेवटचं पान उघडतेस.)

मुलांच्या इस्पितळातल्या आमच्या औषधखोलीसाठी ठमीने जे वेबपान बनवलं, ते आज सुरू झालं. बाळाचं वजन टाकलं की खाली डोस आपोआप उमटतो. म्हणजे अगदी आपोआप नाही. पान ते वजन कुठल्याशा दूरच्या सर्व्हरला कळवतं, आणि तो हिशेब करून त्याच्या मनाला येईल तेव्हा उत्तर धाडतो. सकाळी एका गुटगुटीत बाळाचं वजन टाकून डोस दिला. मग एका मूठभर बाळाचं टाकलं. आकडा जागचा हलला नाही. नर्स सिरिंज भरू लागली. मला एकदम कॉन्व्हेंटातल्या गणिताच्या सिस्टर आठवल्या (नवं गणित सांगण्याआधी त्या पाट्या पुसायला लावत, आणि तू कोपऱ्यात जुनं उत्तर राखून ठेवायचीस). मी नर्सचा हात धरला. म्हटलं, "थांब. हा आधीच्या बाळाचा आहे."

ठमी पांढरीफटक. "मावशी, नवा येईपर्यंत जुना मीच ठेवला गं. रिकामी चौकट बरी दिसत नाही."

"घरात नसेल दिसत. इथे दिसू दे."

तिने तिथेच बसून बदललं: वजनाला हात लागला की आकडा पुसायचा आणि 'थांबा' दाखवायचं. तोवर डोस मी हाताने काढले. मग पाहावं म्हणून मोठं वजन टाकलं, लगेच छोटं. छोट्याचं उत्तर आलं. मी सुस्कारा सोडते तोच मोठ्याचं रेंगाळलेलं उत्तर येऊन त्याच्या जागी बसलं (भावजी लग्नाला उशिरा येऊन पहिल्या रांगेत बसतात तसं). आता तिने प्रत्येक प्रश्नाला क्रमांक दिला आहे. शेवटच्या प्रश्नाचं सोडून कुठलंही उत्तर आलं तर टाकून द्यायचं. मूठभर बाळ दूध पिऊन झोपलं. ठमी मात्र जेवली नाही.

तुझी धाकटी

ता. क. ठमीला कुणी रागावलं नाही. तीच स्वतःला रागावते आहे. "आईला कळवू नकोस" म्हणाली, म्हणून हे पत्र.

आणखी एक. 'मी येऊ का' या तुझ्या प्रश्नाला मी परवाच 'इतक्यात नको' असं लिहून टाकलं आहे. ते पत्र यानंतर पोचलं तर उघडूच नकोस. शेवटचं उत्तर हे. ये.