आबांना रोज द्यायची खबर

मी, बकुळा कुशाबा मोंडकर, वय सत्तावीस, अविवाहित, परळच्या एका कारखान्यात नकाशांच्या नकला काढणारी ट्रेसर, राहणार लालबाग, आज शांत डोक्याने व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. मंगळवारी माझ्या पोटातील गाठीचे ऑपरेशन आहे. शंभरांतले पंचाण्णव सुखरूप घरी जातात, असे डॉक्टर म्हणाले. उरलेल्या पाचांसाठी हा कागद.

१. खोली भाड्याची असून वडिलांच्या नावे आहे. ती माझी नाही, म्हणून तिच्याविषयी काही लिहीत नाही.

२. भिंतीवरचे घड्याळ थोरले बंधू रामदास, राहणार वडाळा, यांस द्यावे. 'रविवारी येतो' म्हणून ते सात रविवार आलेले नाहीत.

३. कंपासपेटी, टी-स्क्वेअर व शाईची पेने ऑफिसातील कमल हिला. पेने रोज धुवावी लागतात. ती धुणार नाही, तरी द्यावीत.

४. वडिलांविषयी. हा कागद मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आबा गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते. तीन वर्षांपासून त्यांची आठवण जात चालली आहे. चाळीत कोणी याला सोंग म्हणते, कोणी बाहेरची बाधा. आबांना तपासणाऱ्या डॉ. वागळ्यांनी सांगितले ते लिहून ठेवते : हा मेंदूचा आजार आहे, आबा मुद्दाम काही करत नाहीत. शेजारच्या शेवंतीमावशींनी मात्र त्यांच्यावरून लिंबू उतरवले आणि कापून माझ्या अर्ध्या झालेल्या नकाशावर ठेवले. डाग गेला नाही. आम्ही चार महिने बोललो नाही.

संयुक्त महाराष्ट्राचा एकही मोर्चा आबांनी चुकवला नव्हता. एक मे रोजी मुंबई मिळून राज्य झाले, तेव्हा त्यांनी चाळभर साखर वाटली. दोन तारखेला सकाळी विचारले, "बकुळे, मुंबय गावली काय गो आपल्याक?"

"आबा, काल सांगितलं ना?"

माझे उत्तर बरोबर होते. आबा कानकोंडे झाले, "चुकलंय गो" म्हणाले आणि जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा मावशी अबोला मोडून दारात उभ्या राहिल्या.

"अगो शिकलेल्या बाये, खबर तुका शिळी, तेका ताजी!" मग आबांकडे वळून, "गावली, कुशाबानू, गावली! साखर खंय आसा?"

आबांनी पुन्हा चाळभर साखर वाटली. आज त्रेचाळिसावा दिवस. चाळ रोज चिमूटभर घेते. वरच्या मजल्यावरचे शामराव टाळ्याही वाजवतात.

५. रामदासदादा म्हणतात, "वेड्यांच्या इस्पितळात टाकू, नाहीतर बांधून ठेव." यातले काहीही करू नये. माझ्यामागे आबांना शेवंतीमावशींनी सांभाळावे व पोस्टातील माझी सर्व शिल्लक त्यासाठी घ्यावी. मावशी तयार आहेत. लाभ मिळणाऱ्याने साक्षीदार होऊ नये, हे सांगितल्यापासून त्या रुसल्या आहेत. लिंबाचा विषय मी या कलमाने मिटवते.

६. पुढे आबांना गिळता येईनासे झाले तर बळेच भरवू नये. ओठ ओल्या फडक्याने टिपावेत. दुखत असेल तर डॉक्टरांकडून त्यावरचे औषध घ्यावे. इस्पितळात हलवण्याची घाई करू नये. घरीच कोणीतरी हात धरून बसावे. खबर रोज द्यावी. आबांना विचारता येईनासे झाले, तर न विचारता सांगावी.

सही : बकुळा कुशाबा मोंडकर

आम्हा दोघांसमक्ष बकुळाबाईंनी सही केली :
शामराव दत्ताराम परब
डॉ. हेमचंद्र वागळे

लालबाग, मुंबई. रविवार, १२ जून १९६०.

खुलासा : खालची सही आबांची आहे. तिला कायद्यात अर्थ नाही. कशाची सही, असे त्यांनी विचारले. मी सांगितले, "मुंबय गावली, त्याची." शेजारी उमटलेले बोट साखरेचे आहे. ती खाडाखोड समजू नये.

कुशाबा मोंडकर