वच्छलाच्या पोटातलं पाणी अन् जास्तीचं सूप

चामोर्शीकडून, पौष महिना, सन छप्पन

कमळे,

तुले तुझ्या मोठ्या बहिणीचा, सुगंधाचा, आशीर्वाद. तुझ्या घरधन्याले राम राम. इकडे मी, माझे गुडघे अन् माझी शेळी, तिघंही बरे आहोत. तुझा खोकला कसा आहे? अडुळसा उकळून घेते का नुसतीच दुसऱ्याले सांगते? (याच्या आधी गुणवंतराव मास्तरानं एक लांबलचक ओळ लिहिली होती. वाचून दाखवायले लावली तं मलेच समजली नाई, मंग तुले काय समजते. खोडायले लावली. वर काळं दिसते ते त्याचंच.) आपण दोघी बहिणी दाया, आपल्या हातावर किती गावं जन्मली, पण अक्षर काही दोघींच्याही हाती आलं नाई. म्हणून मी सांगून राह्यली अन् मास्तर लिहून राह्यला. तुझ्याकडे हे कोण वाचून दाखवीन, ते शेवटी सांगीन.

तुझा निरोप लटारूच्या तोंडी पोचला. मास्तराची बायको नीलाबाई तुझ्या गावाले माहेरी आहे, आठवा सरत आला, अन् तिचं पोट असं वाढलं की तिले आडवं होता येत नाई. कणगीले टेकून बसल्या बसल्या डोळा लावते, चार पावलं चालली की धाप लागते. तू हात लावून पाहिलं, एक डोकं वर लागलं, एक खाली लागलं, अन् तू सांगितलं की जुळं आहे, भ्यायचं काम नाई, दवाखान्यात नेऊ नका, तिथी पोटात सुई खुपसतात अन् ती लेकराले टोचते. हे ऐकल्यापासून मास्तर शाळेत पाढे उलटे शिकवून राह्यला अन् पोरं खुशीत आहेत. त्याचा सासरा तुझ्या शब्दाबाहेर जात नाई. जावयाचं कोण ऐकते? म्हणून तो माझ्याकडे आला. आता मी तुले आमच्या वच्छलाची गोष्ट सांगते. पुरी ऐक. मधातच उठून चुलीकडे जाऊ नको.

वच्छला म्हणजे सोमाजीची बायको, पहिलटकरीण. सातव्यातच तिचं पोट नवव्यासारखं दिसे. मी सकाळी हात लावला तं डोकं वरती, बरगडीखाली, टणक. संध्याकाळी मी खळ्यावरून धान चुरून आल्यावर पुन्हा हात लावला तं डोकं खालती. मी म्हटलं दोन आहेत. तीस वर्षांचा हात आहे कमळे, मी काही अशीतशी बोलत नाई. साऱ्या गावात सांगितलं. सोमाजी तं इतका फुगला की बुरडाकडे जाऊन लेकरं ठेवायले दोन सुपं विणून घेतली, एकसारखी, काठाले लाल पट्टी. त्याची आई दोन दोन झबली शिवत बसली. मीही मनात बाळंतपणाची दोन लुगडी धरून होती, खोटं कायले सांगू. पण आठवा लागला अन् वच्छलाची तऱ्हाच बदलली. पोट ताणून चकचकीत झालं, कातडी अशी की आता फाटते का मंग. बसल्या जागी दम लागे. एक घास पोटात गेला की दुसरा गळ्याशी. मंग मी तिले चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. गाडीनं नदीपर्यंत, डोंग्यातून वैनगंगा पार, अन् पुढं मोटारीनं. (डोंग्यात ती बसली तशी डोंगेवाला माझ्याकडे पाहून म्हणे, बाई, या एकीचे दोन धरू का तीन? मी त्याले जे म्हटलं ते मास्तर लिहीत नाई.)

तिथली डॉक्टरीण म्हणजे माझ्या खांद्याएवढी. हात पाहिले तं लहान, नखं कापलेली, स्वच्छ. मी मनात म्हटलं, चला, नखं तं बरी आहेत. मी तिले आधीच सांगून टाकलं की मी दाई आहे, लेकरं दोन आहेत, तू फक्त दम लागून राह्यला त्याचं औषध दे. तिनं पोट चाचपून पाहिलं, बराच वेळ. एका बाजूनं टिचकी मारे अन् दुसऱ्या बाजूले हात ठेवे, तं पाणी लाटेसारखं येऊन हाताले लागे. मलेही हात ठेवू दिला. खरंच लागलं. मंग वच्छलाचा फोटो काढला, तोंडाचा नाई, पोटातला. काळा कागद उजेडाकडे धरून तिनं मले बोटानं दाखवलं. हे डोकं. हा कणा, बारीक बारीक मण्यांची माळ. दुसरं डोकं कुठी आहे, मी विचारलं. तिनं कागद माझ्या हातात दिला, म्हणे तुम्हीच शोधा बाई. मी तो उलटा करून पाहिला, मागून पाहिला. एकच होतं, कमळे. एक लेकरू अन् बाकी सारं पाणी. पाणी इतकं जास्त की लेकरू त्यात सकाळी वर जाये अन् संध्याकाळी खाली. मी एकच डोकं दोनदा मोजलं.

मले तेव्हा काय वाटलं ते सांगते. लाज वाटली. बाहेर ओसरीवर जाऊन बसली, तमाखूची चिमूट हातात धरली अन् तोंडात टाकायचीच विसरली. मंग वाटलं की मले हे जाणून घ्यायचंच आहे. तीस वर्षं मी पाणी फुटताना पाहिलं, पायावर घेतलं, पुसलं, पण ते येते कुठून, हे एकदाही कोणाले विचारलं नाई. उठली अन् पुन्हा आत गेली.

डॉक्टरीणबाई म्हणे, पोटातून सुईनं थोडं पाणी काढावं लागीन, तेव्हा तिले दम घेता येईन. मी विचारलं, लेकराले टोचलं तं? ती म्हणे, म्हणून तं इतका वेळ चाचपते, त्याची पाठ कुठी आहे, हातपाय कुठी आहेत, वार कुठी असावी, ते पाहून रिकाम्या जागेत सुई जाते. मी विचारलं, काही होणार नाई असं लिहून देता का? ती म्हणे, नाई देत. सुईनंतर वेळेआधी कळा येऊ शकतात. पाणी पुन्हा भरू शकते. एखाद्या वेळी लेकरातच काही कमी असते म्हणून पाणी वाढते, ते मले बाहेरून दिसत नाई. पण असंच ठेवलं तं आईचा जीव गुदमरून राह्यला, ते मले दिसते. कमळे, आपण वैद्य पाहिले, अंगात येणारे पाहिले, पण मले माहीत नाई असं तोंडावर सांगणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. तिथीच मी तिच्या बाजूनं झाली. वच्छलाले विचारलं, तिनं मान हलवली, सोमाजीनं अंगठा दिला.

आता नीट ऐक, कारण तुले हेच माहीत पाहिजे. आधी वच्छलाले मुतून यायले लावलं. (मास्तर इथी दुसराच कोणता तरी शब्द लिहीत होता. मी म्हटलं, कमळी काय शाळेत जाते? जसं सांगते तसं लिहा. कान लाल झाले बिचाऱ्याचे, पण लिहिलं.) ते पहिले कायले, तं मुताची पिशवी भरलेली असली तं ती सुईच्या वाटेत येते. मंग पाठीमागे उशा लावून अर्धं बसतं ठेवलं, कारण उताणं टाकलं की ती घाबरी होये. पोटाले तांबडं औषध फासलं. एक बारीक सुई आधी दिली, ती जागा बधिर करायची, वच्छला म्हणे मुंगी चावल्यावाणी लागलं. मंग लांब सुई. ती पाहून सोमाजी भिंतीले टेकला अन् टेकल्या टेकल्या खाली बसला. त्याले नर्सबाईनं बाहेर नेलं. वच्छला माझा हात धरून होती. तिले विचारलं, दुखते का? ती म्हणे दुखत नाई, पण कोणी आतून दाबून राह्यलं असं वाटते. अन् हलायचं नाई म्हणून तिनं श्वास रोखला, तं डॉक्टरीण म्हणे, श्वास घे माय, श्वास घ्यायसाठीच तं हे करून राह्यलो.

सुईले रबराची नळी लावली अन् पाणी खाली काचेच्या बरणीत, थेंब थेंब, मंग बारीक धार. मले वाटलं भसकन काढून टाकतील, घागर उपडी केल्यावाणी. नाई. पुरा दीड पहर लागला. एकदम काढलं तं वार सुटते, कळा सुरू होतात, म्हणून हळू. रंग कसा, तं पेजेवरच्या निवळीसारखा, थोडा पिवळसर. मी वाकून वास घेतला. (मास्तरानं लेखणी खाली ठेवली होती. मी म्हटलं उचला, तुमची बायको आहे तिकडे.) मी विचारलं, लेकरू या पाण्यात करते काय? ती म्हणे पिते. मंग? मंग मुतते. मंग पुन्हा तेच पिते? हो म्हणे. आता लिहिता लिहिता आमच्या मास्तरानं हे ऐकलं अन् तोच म्हणे, पण मंग पाणी वाढते काऊन? पाहिलं, त्यालेही विचारावंसं वाटलं. वाढते याच्यासाठी की कधी लेकराचं पिणं कमी पडते, कधी आईले साखरेचा आजार असते, अन् बहुत वेळा कारण सापडतच नाई. वच्छलाचंही सापडलं नाई.

मधात मधात डॉक्टरीण लाकडाचा एक भोंगा पोटाले लावून कान देत होती. मी तिच्याकडे पाहातच राह्यली असन, तिनं भोंगा माझ्या हाती दिला. कान लावला. आधी काहीच नाई, मंग टकटकटकटक, घाईघाईनं, जसं कोणी रानातून पळत घरी येऊन राह्यलं. तीस वर्षं पोटावर हात ठेवला कमळे, कान कधी ठेवला नाई. मी रडली. नर्सबाई म्हणे आजीबाई बाजूले व्हा, मी नाई झाली.

दोन बरण्या भरल्या अन् पोट सैल झालं. वच्छलानं पाय लांब केले, कुशीवर झाली अन् झोपली. किती दिवसांत ती आडवी झाली नव्हती. झोपायच्या आधी नर्सबाईनं तिले चार गोष्टी सांगितल्या, त्या मी पाठ केल्या: खालून पाणी गळालं, रक्त दिसलं, ताप आला, कळा आल्या, का लेकरू गप झालं, तं लगेच सांगायचं. (मास्तर म्हणे ह्या पाच झाल्या. पाच तं पाच.) पुढच्या आठवड्यात थोडं पाणी पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. चौदाव्या दिवशी कळा आल्या. पोरगी झाली, लहानशी, पण रडली खणखणीत. मी गावात आली अन् विहिरीपाशी उभं राहून माझ्याच तोंडानं सांगितलं की एकच होती, मी चुकली. कोणी हसलं नाई, त्यानं जास्त वाईट वाटलं. एका सुपात पोरगी आहे. दुसरं नवंकोरं माझ्या घरी खुंटीले टांगलं आहे.

इतकंच. खोकल्याले जप.

तुझी,
सुगंधा

ता. क. मास्तरानं पुरं पत्र मले वाचून दाखवलं अन् एका जागी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. ‘मंग मी तिले चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं’ इथी. त्याले साऱ्या गावासारखंच माहीत आहे. मी नेलं नाई. सोमाजी गाडी जुंपत होता तं मी जुवाच्या चारी शिवळा काढून पदरात बांधल्या अन् घरी जाऊन कोठीत लपवल्या. खुंट्याच नाई तं बैल जुवात कसे राह्यतीन? मले वाटलं पोरीले सुईखाली देण्यापेक्षा चार शिव्या खाल्लेल्या बऱ्या. एक दिवस गेला त्यात. त्या दिवशी वच्छलाचे ओठ निळे पडले, तेव्हा मी आपण होऊन शिवळा आणून दिल्या अन् गाडीत चढली. पोरगी जगली म्हणून मी आज हे सांगू शकते. नसती जगली तं कोणत्या तोंडानं सांगितलं असतं? तो एक दिवस मले अजून टोचते, सुई नाई.

आणखी एक. सुई लेकराले टोचते हे तुले कोणी सांगितलं, आठवते? मीच सांगितलं होतं. आईच्या तेरवीले, जात्यापाशी बसून. मी पाहिलं नव्हतं, मलेही कोणी तरी सांगितलं होतं. ते वापस घेते. तू माझं ऐकूनच नीलाबाईले अडवून राह्यली, तं आता माझं ऐकूनच सोड. तिच्या पोटात एक आहे का दोन, मले माहीत नाई, अन् तुलेही माहीत नाई. तेच पाह्यचं आहे.

अन् हे शेवटचं. पत्र डाकेत टाकलं नाई, डाकेले आठ दिवस लागतात. हे तुले जो वाचून दाखवून राह्यला तो गुणवंतराव मास्तरच आहे, लिहिणाराही तोच. लिहिताना तो ‘नीलाबाई’ या नावापाशी दोनदा थांबला, तं वाचतानाही थांबीन. थांबला तं त्याच्या तोंडाकडे पाहू नको, शिकलेला माणूस आहे, लाजते. दाराशी भाड्याची गाडी उभी असन, त्यात पेंढा अंथरलेला असन अन् ते लाल पट्टीचं सूप. वरोऱ्याच्या ठेसनापर्यंत गाडी, तिथून रेल्वेनं चांदा. डॉक्टरीणबाईले मी निरोप धाडला आहे. नीलाबाईले बसव अन् तिच्या बाजूनं तूही बस, सुईच्या वेळी हात धरायले ओळखीची दाई लागते. अन् कमळे, गाडीच्या शिवळा शोधू नको. बैल सोडले की त्या काढून खिशात ठेवा, असं मी मास्तराले निघतानाच बजावलं आहे.