आकारामची आठ पिंपं

राधानगरी रोड,
१० सप्टेंबर २००६

प्रिय आक्का,

शरणार्थ. तुझं पत्र पोचलं. शेंगदाण्याची चटणी संपतबी आली. म्हस व्याली हे वाचून बरं वाटलं.

झुंबरबाईशी बोलणं टाकलंस म्हणून लिवलंस. 'तिच्या नवऱ्यानं माझ्या भावाच्या कंपनीचं औषध नासवलं,' असं गावभर सांगत हिंडतीस. ते वाचलं आणि ताटावरनं उठलो बघ.

आक्का, ही औषधाची कंपनी न्हाय. व्हिस्कीची हाय. मोड आणलेल्या जवाची दारू काढायची आणि लाकडी पिंपात चार-चार वर्षं मुरवायची. ती चाखायचं काम माझं. गळ्यात इष्टलिंग असताना! गिळत न्हाय गं, तोंडात फिरवून थुंकतो. पण चाखतो. शिव्या नंतर घाल, आधी पुढचं वाच.

पिंपं झुंबरबाईचा आकाराम बघायचा. त्याच्या ओळीतल्या व्हिस्कीला आधी काकवीचा वास, मग वाळलेल्या केळ्याचा. पाण्याचे दोन थेंब घातले की भाजल्या हरभऱ्याची चव यायची आणि थुंकल्यावरबी जिभेवर लवंग रेंगाळायची. असली व्हिस्की दुसऱ्या कुणाच्या ओळीत न्हाय.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी त्याची आठ पिंपं तपासली. आठी पिंपांतनं कापराचा वास! किडे लागू नयेत म्हणून आकारामनं पिंपात कापूर टाकला असंल, असं मीच साहेबांना सांगितलं. माल परत भट्टीत गेला. आकारामला त्याच दिवशी काढला. पोराची शपथ घेत होता गं तो. मी खिडकीतनं बाहेर बघत बसलो.

काल कामावर जायला उशीर झाला. पूजा केली, विभूती लावली आणि हात न धुताच ग्लास उचलला. ग्लासात नुसतं पाणी होतं. त्यालाबी कापराचा वास!

तू यंदा धाडलेल्या विभूतीच्या पुडीत कापराच्या वड्या ठेवल्यास न्हवं? त्या सोमवारीबी मी असाच पळत आलतो. त्या पिंपांच्या नमुन्याच्या बाटल्या कपाटात होत्या. हात साबणानं घासले आणि एकेक उघडली. काकवी, केळं, लवंग. कापूर कुठंच न्हाय.

तुझी चूक न्हाय. हात मी धुतले न्हाईत.

साहेबांना सांगितलं. म्हणाले, "माल गेला, माणूस गेला. आता गप्प बस, न्हायतर तूबी जाशील."

आणि आकाराम? मी काय काम करतो हे त्याला सात वर्षं ठाऊक हाय. पोटावर पाय दिला मी त्याच्या, तरी आपल्या कोडोलीत तो औषधाचीच कंपनी म्हणतोय. माझी अब्रू त्यानं राखली आणि त्याची मी घालवली. लाज वाटते गं.

उद्या मालकांना लेखी देणार हाय. नोकरी राहील का जाईल, ठाऊक न्हाय. तू एवढंच कर. हे पत्र घेऊन झुंबरबाईच्या दारात जा आणि चार बायका गोळा करून मोठ्यानं वाच. दारूचं गाळू नको. ते गाळलंस तर बाकीचं कुणी खरं मानणार न्हाय.

कुणी विचारलं, कुणाचं पत्र, तर खाली नाव लिवलंय.

महांतेश बसलिंगाप्पा शेटे,
व्हिस्की चाखणारा